'मेडे' हा शब्द आला कुठून, आणि तो तीनदाच का म्हणायचा?

कुतूहल यांचा प्रश्न:

१२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या विमान अपघातानंतर 'मेडे कॉल' हा शब्द सगळ्या मराठी वर्तमानपत्रांत आला. कुणी 'मेडे' छापलं, कुणी 'मे डे', एका ठिकाणी तर 'मे-दिन कॉल' असंही वाचलं. आपल्याकडे मे डे म्हटलं की १ मे, कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन डोळ्यासमोर येतो. त्याच्याशी या हाकेचा काही संबंध आहे का?

शोधल्यावर 'फ्रेंच शब्द आहे' एवढंच कळतं. पण फ्रेंच येणारी एक व्यक्ती सांगते की फ्रान्समध्ये बुडणारा माणूस असं काही ओरडत नाही. मग नेमकं खरं काय? एसओएस हाताशी असताना नवा शब्द का काढला? तीनदाच का म्हणतात? आणि आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार बोटींनाही हाच शब्द लागू आहे की तो फक्त विमानांचा? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

व्युत्पत्तीवेडा:

१ मेशी काडीचाही संबंध नाही. नुसता ध्वनी जुळतो.

शब्दाचा जन्म १९२० च्या दशकाच्या सुरुवातीचा, लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरचा. तिथले वरिष्ठ रेडिओ अधिकारी फ्रेडरिक स्टॅन्ली मॉकफर्ड यांना संकटाच्या वेळी उच्चारायचा एक शब्द सुचवायला सांगितलं होतं. अट अशी की वैमानिक आणि जमिनीवरचा माणूस दोघांनाही तो ऐकताक्षणी कळला पाहिजे. क्रॉयडनची बरीचशी वाहतूक पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळाशी होती, म्हणजे इंग्लिश खाडीच्या एका तीरावर इंग्रजी आणि दुसऱ्या तीरावर फ्रेंच. मॉकफर्ड यांनी फ्रेंचांच्या कानाला 'मला मदत करायला' असं ऐकू येईल आणि इंग्रजांच्या जिभेला ओळखीचं वाटेल, असं 'मेडे' सुचवलं.

आता तुमच्या फ्रेंच येणाऱ्या परिचितांचा मुद्दा. तो अगदी बरोबर आहे. फ्रेंचमध्ये 'मला मदत करा' म्हणायचं तर 'एदे-म्वा' म्हणतात, आणि जीव जात असेल तर 'ओ सकूर!' किंवा 'आ लेद!' अशी आरोळी ठोकतात. नुसतं 'मेदे' म्हणजे 'मला मदत करायला', वाक्याचं तोडलेलं शेपूट. पूर्ण वाक्य 'वने मेदे', म्हणजे 'मला मदत करायला या'. त्यातला 'या' गळून पडला आणि 'मला मदत करायला' तेवढं उरलं. त्यामुळे 'हा शुद्ध फ्रेंच शब्द आहे' हेही खरं नाही आणि 'फ्रेंचशी संबंध नाही' हेही नाही. फ्रेंच वाक्याच्या तुकड्याला इंग्रजी पोशाख चढवून घडवलेला हा संकेत आहे.

मराठी कानाला इथे एक गंमत सहज टिपता येते, जी इंग्रजी माणसाला समजावून सांगावी लागते. फ्रेंच 'द' दंत्य आहे, आपल्या 'दगड'मधल्यासारखा. इंग्रजी 'ड' जीभ जरा मागे, हिरड्यांवर टेकवून निघतो, म्हणून आपण तो 'ड' ऐकतो. मूळ फ्रेंच उच्चार 'मेदे'. तो इंग्रजीमार्गे आपल्याकडे आला म्हणून 'मेडे' झाला. ज्या वाटेनं शब्द आला ती वाट त्या एका 'ड'मध्ये दिसते.

एसओएस का नको? तो तारायंत्राचा संकेत, ठिपके आणि रेघांचा. १९२० च्या सुमारास विमानांत बोलायचा रेडिओ बसू लागला आणि 'एस-ओ-एस' तोंडानं म्हणायची वेळ आली. तिथेच घात होता. 'स' या ध्वनीची बहुतेक ताकद ४,००० हर्ट्झच्या वर असते. टेलिफोन काय किंवा रेडिओ काय, साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे पोहोचवतात. म्हणजे 'स'चा जीवच वाटेत गळतो आणि 'एस', 'एफ' सारखेच ऐकू येतात. त्या काळचे कार्बनचे मायक्रोफोन आणि उघड्या विमानातल्या इंजिनाचा गडगडाट यांची त्यात भर. फेब्रुवारी १९२३ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रात नव्या संकेताची बातमी आली तेव्हा कारणही हेच दिलं होतं, की टेलिफोनवर 'एस' नीट ओळखू येत नाही.

आता 'मेडे'कडे पाहा. 'म' आणि 'ड' दोन्ही घोष, म्हणजे घशात कंप होऊन निघणारी व्यंजनं, आणि दोन लांब 'ए'. सगळी ताकद खालच्या पट्ट्यात, अर्धा आवाज गोंगाटात बुडाला तरी दोन 'ए' वर तरंगत राहतात. अर्थ दुय्यम आहे, शब्द टिकला तो त्याच्या ध्वनीमुळे.

१९२७ च्या वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेत बोलायच्या रेडिओसाठी 'मेडे' अधिकृत झाला आणि तो करार १ जानेवारी १९२९ पासून अमलात आला. करारातच नोंद आहे की हा शब्द फ्रेंच उच्चाराशी जुळणारा आहे.

लेखनाबद्दल माझं मत: मराठीत 'मेडे' असा एकच शब्द लिहावा. तोडून लिहिला की वाचकाचं मन १ मेकडे जातं, आणि 'मे-दिन कॉल' हे तर भाषांतर करायला निघालेल्यानं केलेलं नुकसान आहे.

---

सोळा_नंबर:

व्युत्पत्तीवेडा यांनी उगम छान सांगितला. मी समुद्राची बाजू लिहितो. हो, हाच शब्द बोटींनाही लागू आहे. विमानाचा आणि बोटीचा शब्द एकच, वारंवारता मात्र वेगळी.

समुद्रावर व्हीएचएफ (जवळच्या पल्ल्याचा रेडिओ) चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. लांब पल्ल्यासाठी एमएफवर, म्हणजे मध्यम वारंवारतेच्या रेडिओवर, २१८२ किलोहर्ट्झ.

आधी तीनदा का ते सांगतो, कारण त्याचं उत्तर 'प्रथा' एवढंच देतात आणि ते पुरेसं नाही. माइकचं बटण दाबल्यावर प्रक्षेपण सुरू व्हायला क्षणभर लागतो, घाईत माणूस त्याआधीच बोलू लागतो आणि पहिला 'मे' हवेत जातो. ऐकणाऱ्याचा संच दोन चॅनल आळीपाळीनं ऐकत असेल तर तो त्या क्षणी दुसरीकडे असू शकतो. शिवाय समुद्रावरचा व्हीएचएफ एफएम आहे. एफएममध्ये एकाच वेळी दोघं बोलले तर जोरकस आवाज दुबळ्याला पूर्ण झाकून टाकतो, खरखरसुद्धा उरत नाही. तीनदा म्हटल्यावर एक तरी निसटून पोहोचतो. आणि शेवटचं कारण: दुसऱ्याच्या संकटाबद्दल बोलतानाही 'मेडे' शब्द येतो. सलग तीनदा आला की कळतं, बोलणारा स्वतः संकटात आहे.

हाक कशी द्यायची ते प्रत्यक्षच लिहितो. 'जलदेवी' ही समजा मासेमारीची बोट:

मेडे, मेडे, मेडे.
धिस इज जलदेवी, जलदेवी, जलदेवी.
मेडे जलदेवी.
पोझिशन वन सेव्हन डिग्रीज झीरो झीरो मिनिट्स नॉर्थ, झीरो सेव्हन थ्री डिग्रीज झीरो झीरो मिनिट्स ईस्ट. रत्नागिरी दीपगृहाच्या पश्चिमेला साधारण पंधरा मैल.
बोटीत पाणी शिरलंय, बुडतेय. ताबडतोब मदत हवी.
बोटीवर आठ माणसं. लाइफ जॅकेट घातली आहेत.
ओव्हर.

कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखनाव) आणि एमएमएसआय (बोटीच्या रेडिओचा ओळखक्रमांक) असेल तर तो नावापाठोपाठ. 'ओव्हर' म्हटल्यावर बटण सोडायचं. हे सांगावं लागतं, कारण घाबरलेल्या माणसाची मूठ बटणावर आवळलेलीच राहते. बटण दाबलेलं असेपर्यंत तुम्हाला उत्तर ऐकू येणार नाही, आणि जवळच्या सगळ्यांसाठी चॅनल १६ बंद पडेल. माइक खणात किंवा गादीखाली दाबला जाऊन चॅनल अडतो तोही याच कारणानं.

क्रमाकडे लक्ष द्या. नावानंतर लगेच ठिकाण, गोष्ट नंतर. रेडिओ मध्येच मेला तरी कुठे शोधायचं ते मागे राहिलं पाहिजे. बॅटरी इंजिनाच्या खणात तळाशी असते, पाणी शिरलं की ती आधी जाते. म्हणून 'बघू, पंप चालतोय का' करत अर्धा तास घालवण्यापेक्षा मेडे आधी द्यावा. संकट टळलं तर रद्द करता येतो.

ठिकाण सांगताना सगळ्यात जास्त होणारी चूक: अंशांचा दशांश आणि मिनिटं यांची गल्लत. जीपीएसवर १७.५० दिसतंय आणि तांडेल (बोटीचा प्रमुख) 'सतरा अंश पन्नास' म्हणतो. ऐकणारा १७ अंश ५० मिनिटं लिहून घेतो. प्रत्यक्षात १७.५० अंश म्हणजे १७ अंश ३० मिनिटं. फरक वीस मिनिटांचा, म्हणजे वीस सागरी मैल. तेवढ्या चुकीनं शोधणारं जहाज दुसऱ्याच पाण्यात फिरत राहील. जीपीएस अंश-मिनिटांवर ठेवा, आणि आकडे एकेक करून उच्चारा.

पल्ला किती? व्हीएचएफ जवळपास नजरेच्या टप्प्यातच चालतो. ढोबळ हिशोब असा: दोन्ही अँटेनांची मीटरमधली उंची घ्या, प्रत्येकीचं वर्गमूळ काढा, बेरजेला सव्वादोननं गुणा, उत्तर सागरी मैलांत. बोटीची अँटेना ४ मीटर आणि किनाऱ्यावरची डोंगरावर १०० मीटर असेल तर (२ + १०) × २.२५, म्हणजे २७ मैल. हातातला वॉकीटॉकी पाण्यापासून १ मीटरवर आणि समोरची बोट ४ मीटरवाली असेल तर जेमतेम पावणेसात. म्हणून अँटेना डोलकाठीवर जितकी उंच बसेल तितकी बसवावी. संच १ वॅटवर ठेवलेला नाही ना, तेही पाहावं. बंदरात कमी शक्तीवर केलेला असतो आणि बाहेर पडल्यावर २५ वॅटवर करायचं राहून जातं.

नव्या संचांवर झाकणाखाली लाल बटण असतं, तो डिजिटल कॉल. झाकण उघडून बटण पाच सेकंद दाबून धरलं की चॅनल ७० वरून बोटीचा क्रमांक, ठिकाण आणि वेळ आपोआप जाते, आणि पोच मिळेपर्यंत साधारण चार-चार मिनिटांनी पुन्हा जाते. त्यानंतर चॅनल १६ वर तोंडी मेडे द्यायचाच. दोन गोष्टी मात्र आधी केलेल्या हव्यात: संचात नऊ आकडी एमएमएसआय भरलेला असणं (भारतीय बोटींचा ४१९ नं सुरू होतो) आणि जीपीएसची वायर संचाला जोडलेली असणं. पहिलं नसेल तर लाल बटण निरुपयोगी. दुसरं नसेल तर हाक जाते, पण ठिकाणाशिवाय.

---

कुतूहल:

दोघांचेही मनापासून आभार. 'द' आणि 'ड'चा मुद्दा तर कुठेच वाचला नव्हता. दोन शंका: 'पॅन-पॅन' म्हणतात ते वेगळं काय? आणि एसओएस म्हणजे 'सेव्ह अवर सोल्स' हे तरी खरं ना?

---

डाडिट:

एसओएसचं उत्तर देतो. नाही, ते खरं नाही. 'सेव्ह अवर सोल्स', 'सेव्ह अवर शिप' ही दोन्ही मागाहून लावलेली पूर्णरूपं. जर्मनीनं १९०५ च्या नियमांत ही खूण घेतली, १९०६ च्या बर्लिन परिषदेनं ती आंतरराष्ट्रीय केली आणि १ जुलै १९०८ पासून ती लागू झाली. जर्मनांनी इंग्रजी वाक्यावरून खूण ठरवण्याचं कारणच नव्हतं.

मुळात ती तीन अक्षरंही नव्हेत. तीन ठिपके, तीन रेघा, तीन ठिपके, मध्ये अक्षरांचा खंड न ठेवता एका दमात. कानाला 'दिदिदि-डाडाडा-दिदिदित' अशी एकच लड येते. ती लड वेगळ्या जागी तोडा: 'व्ही-टी-बी' होईल. आणखी वेगळी तोडा: 'आय-जे-एस'. किंवा 'एस-एम-बी'. कागदावर ठिपके-रेघा काढून पाहा, तिन्ही बरोबर जुळतात. एस-ओ-एस ही लक्षात ठेवायला सोपी फोड, म्हणून ती राहिली. खुणेची खरी ताकद लयीत आहे. इतर मजकुरात ही लय सहज येत नाही आणि मोर्स न शिकलेल्यालाही ती ओळखता येते.

त्याआधी मार्कोनी कंपनीनं १९०४ मध्ये 'सीक्यूडी' काढला होता. सीक्यू म्हणजे 'सर्व स्थानकांना', डी संकटाचा. 'कम क्विक, डेंजर' हेही नंतरचं रचित. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिकवरून आधी सीक्यूडी गेला आणि मग त्यात एसओएस मिसळला. टायटॅनिकनं पहिला एसओएस दिला असं सर्रास लिहितात, ते चूक आहे. १९०९ च्या जूनमध्ये अझोर बेटांजवळ फसलेल्या 'स्लाव्होनिया' जहाजानं तो आधीच वापरला होता.

या सगळ्यात मेडेशी जोडणारा धागा एकच: दोन्ही संकेत ओळखू येण्यासाठी घडवले गेले. एक बोटांसाठी, दुसरा तोंडासाठी. म्हणूनच मेडे मोर्समध्ये ठोकत नाहीत आणि एसओएस तोंडानं म्हणत नाहीत.

---

धावपट्टी:

पॅन-पॅन फ्रेंच 'पान' या शब्दावरून. अर्थ बिघाड, गाडी बंद पडली की फ्रेंच माणूस जे म्हणतो ते. तोही तीनदा म्हणायचा. 'पॉसिबल असिस्टन्स नीडेड' हे पूर्णरूप बनावट.

फरक असा. मेडे म्हणजे गंभीर धोका अगदी जवळ आलाय आणि मदत आत्ता हवी. पॅन-पॅन म्हणजे विमानाच्या, बोटीच्या किंवा कुणा माणसाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, पण या घटकेला जीव टांगणीला लागलेला नाही. इंजिन बंद पडून बोट वाहवतेय, आसपास खडक नाहीत: पॅन-पॅन. तीच बोट खडकांकडे सरकतेय: मेडे. तिसरी पायरी 'सेक्युरिते'ची, वाटेत तरंगता ओंडका किंवा वादळाचा इशारा यासाठी.

विमानात मेडे चालू वारंवारतेवरच देतात. १२१.५ मेगाहर्ट्झ ही आणीबाणीची वारंवारता आहे हे खरं, पण जो नियंत्रक आधीच तुमच्याशी बोलतोय आणि ज्याच्या पडद्यावर तुम्ही आहात त्याला सोडून दुसरीकडे जाण्यात वेळ का घालवायचा? तीनदा मेडे, स्थानकाचं नाव, विमानाचा कॉलसाइन, काय झालंय, वैमानिक काय करणार आहे, मग ठिकाण, उंची, दिशा. सोबत ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख पाठवणाऱ्या यंत्रावर) ७७०० हा आणीबाणीचा कोड लावला की रडारवर त्या विमानाची खूण वेगळी उठून दिसते. पण हे सगळं विमान ताब्यात ठेवून जमेल तेव्हा. आधी उडवणं, मग वाट, मग बोलणं, हा क्रम वैमानिकाच्या हाडात मुरवलेला असतो.

अहमदाबादच्या प्राथमिक अहवालात हेच दिसतं. एआय १७१ नं जमीन सोडल्यावर साधारण २६ सेकंदांनी, भारतीय वेळेनुसार १३:३९:०५ ला, वैमानिकाचा तीनदा मेडे आला. नियंत्रकानं कॉलसाइन विचारला, उत्तर आलं नाही, आणि विमान हद्दीबाहेर कोसळताना दिसताच त्यानं आपत्कालीन यंत्रणा हलवली. फ्लाइट रेकॉर्डरची नोंद त्या हाकेनंतर सहा सेकंदांत थांबते. तेवढ्यात नाव, ठिकाण, कारण काहीच सांगण्याइतका वेळ नव्हता. त्या दिवसांत मोबाइलवर लांबलचक 'शेवटचे शब्द' फिरत होते. अहवालातल्या घटनाक्रमात नोंद आहे ती फक्त तीनदा उच्चारलेल्या मेडेची.

आणि हा शब्द न उच्चारण्याची किंमत काय असते, तेही सांगायला हवं. २५ जानेवारी १९९० ला अविआंका ५२ हे बोइंग ७०७ कोलंबियातून न्यूयॉर्कला येत होतं. हवामान वाईट, वाटेत तीन ठिकाणी मिळून सुमारे ७७ मिनिटं घिरट्या घालत थांबवलं. इंधन संपत आलं तेव्हा वैमानिकांनी 'प्रायॉरिटी' मागितली, 'इंधन संपत चाललंय' असंही कळवलं. 'मेडे' किंवा 'इमर्जन्सी' हे शब्द मात्र एकदाही वापरले नाहीत. नियंत्रकाच्या लेखी ते गर्दीतलं आणखी एक उशीर झालेलं विमान राहिलं. पहिला उतरण्याचा प्रयत्न फसला, फिरून येताना एकामागून एक चारही इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोव्ह नेक इथे आदळलं. १५८ पैकी ७३ जण गेले. टाक्या कोरड्या असल्यानं आगसुद्धा लागली नाही.

'प्रायॉरिटी'चा अर्थ वैमानिकाच्या मनात एक आणि नियंत्रकाच्या मनात दुसरा होता. मेडेला असे दोन अर्थ नाहीत. तो कानावर पडला की नियंत्रकाला बाकीची विमानं बाजूला काढावीच लागतात. इंधनासाठी आता स्वतंत्र शब्दप्रयोगच ठरवलेला आहे: जवळच्या योग्य विमानतळावर उतरताना राखीव इंधनापेक्षा कमी उरणार असं दिसलं, तर 'मेडे, मेडे, मेडे, फ्युएल' म्हणायचं. जेट विमानासाठी ते राखीव म्हणजे १,५०० फुटांवर ३० मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं इंधन.

---

ओवीवाचक:

सगळे प्रतिसाद वाचून एक विचार आला. मराठीत 'धावा' आहे की! 'धावा करणे' म्हणजे संकटात देवाला साद घालणे. द्रौपदीनं कृष्णाचा धावा केला. आणि आज्ञार्थी 'धावा!' म्हणजे 'मदतीला या'. त्या फ्रेंच वाक्याचा हा हुबेहूब जोडीदार. दोनच अक्षरं, 'ध' आणि 'व' दोन्ही घोष, दोन लांब 'आ'. व्युत्पत्तीवेडा यांच्या कसोटीलाही उतरतो. आपल्या मच्छीमारांसाठी हाच का नको?

---

व्युत्पत्तीवेडा:

तुलना फार आवडली, ध्वनीच्या दृष्टीनंही दोष काढता येत नाही. 'मेडे'चा अर्थ समजावताना 'धावा' हा एक शब्द सांगितला तरी पुरे. मात्र रेडिओवर तो चालवता येणार नाही. जवळून जाणारं जहाज फिलिपिनी किंवा ग्रीक खलाशांचं असेल, त्यांना 'धावा' म्हणजे नुसता आवाज. संकेत एकच असण्यातच त्याचं मोल आहे.

---

सोळा_नंबर:

यावर थोडी भर. पहिला शब्द मेडे, तो बदलायचा नाही. पुढचा मजकूर जमेल त्या भाषेत बोला. इंग्रजी येत नाही म्हणून माइक हातात धरून गप्प बसण्यापेक्षा 'मेडे, मेडे, मेडे' म्हणून बोटीचं नाव आणि ठिकाण हिंदीत किंवा मराठीत सांगणं हजार पटींनी बरं. आपल्या किनाऱ्यावर ते समजणारं कुणी तरी ऐकत असण्याची शक्यता मोठी आहे. व्हीएचएफ नसेल आणि मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. पश्चिम किनाऱ्यावरचा शोध आणि बचाव मुंबईच्या केंद्रातून हलवला जातो.

खोल समुद्रात जाणाऱ्या मच्छीमार बोटींसाठी इस्रोनं तयार केलेला डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर आहे. त्यावर आग, बुडणं, माणूस पाण्यात पडणं, वैद्यकीय मदत असा संकटाचा प्रकार निवडून बटण दाबलं की संदेश उपग्रहामार्गे बेंगळुरूच्या केंद्रात आणि तिथून तटरक्षक दलाकडे जातो. पण शेजारी दोन मैलांवर असलेल्या बोटीला तो संदेश थेट ऐकू येत नाही. बहुतेकदा आधी पोहोचणारी तीच असते. म्हणून ट्रान्समीटर दाबला तरी चॅनल १६ वर मेडे द्यायचाच.

ऐकणाऱ्यानं काय करायचं हे कुणी विचारलं नाही, ते लिहितो. मेडे ऐकू आला की बोलू नका, लिहा: वेळ, नाव, ठिकाण, माणसं. किनाऱ्यावरच्या केंद्राला उत्तर द्यायला थोडा अवधी द्या. कुणीच उत्तर दिलं नाही तर तुम्ही द्या: त्या बोटीचं नाव, तुमचं नाव, 'रिसीव्ह्ड मेडे'. तुमचा आवाज किनाऱ्यापर्यंत पोहोचत असेल तर 'मेडे रिले' असं तीनदा म्हणून, मग स्वतःचं नाव सांगून, त्यांचा मजकूर जसाच्या तसा पुढे पाठवा. 'रिले' हा शब्द गाळला तर ऐकणारा तुमचीच बोट बुडतेय असं समजून तुमच्या ठिकाणाकडे निघेल. मदतीचं काम चालू असताना कुणी मध्ये बोलू लागलं तर केंद्र 'सीलाँस मेडे' म्हणतं, तोही फ्रेंच 'शांतता'च. 'सीलाँस फीनी' ऐकू येईपर्यंत त्या चॅनलवर बाकीच्यांनी गप्प राहायचं.

चुकून लाल बटण दाबलं गेलं तर घाबरून संच बंद करून ठेवू नका. बंद करून पुन्हा चालू करा म्हणजे आपोआप जाणारा संदेश थांबेल, मग चॅनल १६ वर 'ऑल स्टेशन्स' तीनदा, बोटीचं नाव, क्रमांक, आणि अमुक वेळेचा माझा डिस्ट्रेस अलर्ट रद्द करा, असं सांगा. एवढं केलं नाही तर कुणी तरी जहाज वळवून तुमच्याकडे निघालेलं असतं.

आणि चॅनल १६ वर भाव काय मिळाला, जाळं किती भरलं या गप्पा मारू नका, कृपा करून. हाक मारा, समोरच्यानं ओ दिली की दुसऱ्या चॅनलवर जा. एफएममध्ये जोरकस आवाज दुबळ्याला झाकतो हे वर लिहिलंय. पंधरा मैलांवरून येणारा दुबळा मेडे शेजारच्या दोन बोटींच्या गप्पांखाली असाच गाडला जातो, आणि गप्पा मारणाऱ्यांना ते कळतही नाही.

---

कुतूहल:

वरचा 'जलदेवी'चा नमुना मोठ्या अक्षरांत लिहून हर्णैच्या ओळखीच्या दोन तांडेलांना पाठवतोय. बोटीचं नाव आणि एमएमएसआयची जागा कोरी ठेवली आहे, ती त्यांनी भरून संचाशेजारी चिकटवायची. यात आणखी काही हवं का?

---

सोळा_नंबर:

ठिकाण आणि संकट काय, या जागाही कोऱ्या ठेवा, त्या हाक देतानाच सांगायच्या. माणसांच्या आकड्याची जागाही कोरी ठेवा, तो प्रत्येक फेरीला बदलतो. तो बंदर सोडताना पेन्सिलीनं भरायचा. कागद प्लॅस्टिकमध्ये बंद करा, आणि सगळ्यात वर ठळक लिहा: '२५ वॅट, चॅनल १६, बोलून झालं की बटण सोडा'. संच तांडेलालाच येतो आणि पाण्यात पडलेला माणूस तांडेलच असू शकतो, म्हणून कागद बोटीवरच्या प्रत्येक खलाशाकडून एकदा मोठ्यानं वाचून घ्या, संच बंद ठेवून.